जिभेचा व्यायाम, पायांचा व्यायाम

घरातील वृद्ध माणसांवर प्रेम करण्याची आपली एक ठरावीक रीत आहे. वडील माणूस काही कामासाठी उठू लागले की आपण म्हणतो, ‘तुम्ही बसा.’ भाजीची पिशवी त्यांच्या हातून काढून घेतो. बँकेचे काम मुलगा परस्पर उरकतो, दळण नातू आणतो, आणि आजींनी पोळपाट-लाटण्याला हात लावला तर चारचौघे काय म्हणतील अशी धास्ती सुनेला वाटते. ज्यांना सगळा दिवस खुर्चीत बसून काढता येतो ते भाग्यवान, अशी आपली समजूत आहे. या प्रेमाविषयी शंका घेण्याचे मुळीच कारण नाही. परंतु स्मृतिभ्रंशाविषयी गेल्या काही वर्षांत जगभर जे संशोधन प्रसिद्ध झाले, आणि त्यातील एक मोलाचा भाग आपल्या हैदराबाद शहरातच झाला, ते वाचल्यावर ‘तुम्ही बसा’ या दोन शब्दांचा फेरविचार करावा असे आम्हांस वाटू लागले आहे. आमच्या वाचकांपुढे तो विचार मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

विसरणे आणि हरवणे

वय झाल्यावर थोडेफार विसरणे हा रोग नव्हे, हे आधी सांगितले पाहिजे. ओळखीच्या माणसाचे नाव ऐन वेळी न आठवणे आणि रात्री जेवताना ते एकाएकी आठवणे, हे उतारवयात सर्वांच्याच वाट्याला येते. स्मृतिभ्रंश याहून निराळा. आयुष्यभर सणासुदीला पुरण घातलेल्या हाताला डाळ कधी शिजवायची आणि कणीक कधी मळायची याचा क्रमच लागेनासा होतो. चाळीस वर्षे ज्या गल्लीत काढली तिच्या तोंडाशी उभे राहून घर कोणत्या बाजूस आहे ते कळत नाही. तोच प्रश्न पाच मिनिटांत तिसऱ्यांदा विचारला जातो, आणि आपण तो आधी विचारला आहे याची विचारणाऱ्याला दाद नसते. नित्याचे व्यवहार अडू लागले की त्याला विसराळूपणा म्हणून सोडून देता येत नाही.

१९०६ साली आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी अशा एका स्त्रीच्या मेंदूतील विकृतीचे वर्णन केले आणि पुढे त्यांचेच नाव त्या रोगाला पडले. मात्र स्मृतिभ्रंश म्हणजे केवळ अल्झायमरचा रोग नव्हे. मेंदूच्या रक्तवाहिन्या बिघडूनही तो होतो. मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांची झीज होऊनही होतो, आणि त्या प्रकारात आठवणीच्या आधी माणसाचे वागणे किंवा बोलणे बदलते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीचा अंदाज असा की, भारतात साठीच्या पुढील दर शंभरांपैकी सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. एकूण संख्या ८८ लाखांच्या घरात जाते. अलीकडे निघालेली काही औषधे अल्झायमरच्या आरंभी त्याची गती थोडीशी मंदावतात. पण गेलेली स्मृती परत आणून देणारे औषध अद्याप कोणाच्या हाती आलेले नाही.

म्हणूनच शास्त्रज्ञांचे लक्ष एका साध्या प्रश्नाकडे वळले. रोग पुरता टाळता येत नसेल, तर तो पुढे ढकलता येईल काय? सत्तराव्या वर्षी येणारा आजार पंचाहत्तराव्या वर्षी आला तर मधल्या पाच वर्षांचे मोल आकड्यांनी सांगता येत नाही. नातवाची मुंज, नातीचे लग्न, सहचराची सोबत, स्वतःच्या हाताने खाल्लेला घास, हे सारे त्या पाच वर्षांत येते.

पंजागुट्ट्याच्या रुग्णालयातून

या प्रश्नाचे एक अनपेक्षित उत्तर पंजागुट्ट्याच्या निझाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस, म्हणजे आपण ज्याला ‘निम्स’ म्हणतो त्या रुग्णालयातून आले. तेथील मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. सुवर्णा अल्लाडी स्मृतिविकारांच्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग चालवीत असत. जून २००६ ते ऑक्टोबर २०१२ या काळात तेथे आलेल्या ६४८ स्मृतिभ्रंश रुग्णांची त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पद्धतशीर नोंद केली. या कामात उस्मानिया विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञ वसंता दुग्गिराला, हैदराबाद विद्यापीठातील बापिराजू सुरंपुडी आणि एडिंबरोचे थॉमस बाक यांचा सहभाग होता. ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात २०१३ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि हैदराबादचे नाव जगभरच्या मेंदुशास्त्रज्ञांच्या तोंडी झाले.

निबंधाचा निष्कर्ष असा. ६४८ रुग्णांपैकी ३९१ जण दोन किंवा अधिक भाषा बोलणारे होते आणि उरलेले एकच भाषा बोलणारे होते. एकभाषी रुग्णांत रोगाचा आरंभ सरासरी ६१ व्या वर्षाच्या सुमारास झाला होता, तर बहुभाषी रुग्णांत ६५ वर्षे उलटून गेल्यावर. सरासरी अंतर साडेचार वर्षांचे निघाले. शिक्षण, व्यवसाय, स्त्री-पुरुष, शहर आणि खेडे हे सारे भेद गणितात धरूनही हे अंतर पुसले गेले नाही. शाळेची पायरीही न चढलेल्या रुग्णांत तर ते सहा वर्षांचे भरले. हा सगळा शिक्षणाचाच प्रताप असेल, अशी शंका घेणाऱ्यांना या एका आकड्याने उत्तर मिळाले. आणखी एक गंमत अशी की, दोनाहून अधिक भाषा येणाऱ्यांना त्यापुढे जादा लाभ झालेला आढळला नाही. म्हणजे पंडित होण्याची गरज नाही. दोन भाषांत रोजचा संसार चालला की पुरे.

असाच शोध कॅनडातील टोरांटो येथे एलन बायलिस्टॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मांडला होता. १८४ रुग्णांच्या नोंदी तपासून त्यांना सुमारे चार वर्षांचे अंतर आढळले होते. पण तेथे एक अडचण होती. टोरांटोतील बहुतेक द्विभाषिक मंडळी दुसऱ्या देशांतून येऊन स्थायिक झालेली होती. समुद्र ओलांडून नव्या देशात बस्तान बसविणारी माणसे मुळातच अधिक काटक असतील आणि श्रेय भाषेचे नसून काटकपणाचे असेल, असा आक्षेप घेता येत होता. हैदराबादेत तो आक्षेप उरला नाही. येथे दोन भाषा येण्यासाठी कोणाला देश सोडावा लागत नाही. तेलुगू आणि दखनी या दोन्ही भाषा येथल्या रस्त्यावरच शिकल्या जातात. रिक्षावाल्यालाही त्या येतात आणि न्यायाधीशालाही. जगातील शास्त्रज्ञांना जी प्रयोगशाळा शोधून सापडत नव्हती, ती चार शतकांपासून मुसीच्या काठी उघडी होती.

मेंदूची शिल्लक

दोन भाषांचा आणि स्मृतीचा संबंध तरी काय? शास्त्रज्ञ त्याचा उलगडा असा करतात. ज्याला दोन भाषा येतात त्याच्या मेंदूत बोलताना दोन्ही जाग्या असतात. मराठीत बोलताना तेलुगू शब्द ओठांवर येऊ पाहतो, त्याला मागे सारावे लागते. पुढच्याच क्षणी तेलुगू शेजारी दारात येतो आणि आता मराठीला मागे सारावे लागते. हे आवरणे, निवडणे आणि बदलणे मेंदूच्या पुढच्या भागाचे काम आहे, आणि द्विभाषिक माणूस ते दिवसातून शेकडो वेळा नकळत करतो. तालमीत न जाता घडणारी ही तालीम आहे.

या तालमीने रोग मात्र थांबत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. १९८८ साली अमेरिकेतील रॉबर्ट कॅट्झमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शुश्रूषागृहांत मरण पावलेल्या १३७ वृद्धांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील दहा जणांच्या मेंदूंत अल्झायमरच्या खुणा होत्या, तरी हयातीत त्यांची बुद्धी चांगली शाबूत होती. रोग आत आला होता, पण घर मोडले नव्हते. या मंडळींपाशी मेंदूची काही शिल्लक असावी, असा विचार तेथून बळावला. घरात धान्याची कणगी भरलेली असली तर दुष्काळ टळत नाही, पण उपासमार काही महिने पुढे जाते. तसाच हा प्रकार. भाषा, शिक्षण, बुद्धीला चालना देणारे काम आणि माणसांतील वावर यांनी ती कणगी भरते. डॉ. अल्लाडी यांच्याच गटाने २०१६ साली पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आघातानंतर बुद्धी शाबूत राहिलेल्यांचे प्रमाण द्विभाषिकांत शेकडा ४० आणि एकभाषिकांत शेकडा २० च्या आसपास होते. कणगीच्या कल्पनेला यामुळे आणखी पुष्टी मिळाली.

शास्त्राच्या बाबतीत आंधळा उत्साह बरा नव्हे, म्हणून दुसरी बाजूही नोंदवतो. निम्सचा अभ्यास रुग्णालयात आलेल्या माणसांचा आहे. जे आलेच नाहीत त्यांच्याविषयी तो काही सांगू शकत नाही. निरोगी वृद्धांवर अनेक वर्षे नजर ठेवून इतरत्र झालेल्या काही अभ्यासांत द्विभाषिकांना स्मृतिभ्रंश कमी होतो असे दिसले नाही. पुढे सर्व अभ्यासांचा एकत्र ताळा घेणाऱ्यांचे मत साधारण असे पडले की, द्विभाषिकांत रोगाची लक्षणे उशिरा दिसतात, पण रोग होणाऱ्यांची संख्या कमी होते असे म्हणण्यास पुरावा अपुरा आहे. लाभ आहे तो उशिराचा. पण या आजारात उशीर हीच मोठी कमाई आहे.

आपल्या घरातील भाषा

हैदराबादच्या मराठी घरांना या संशोधनात आपला चेहरा दिसावा. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबादशी जोडलेले होते. शिक्षण, वकिली आणि नोकरी यांच्या निमित्ताने किती मराठी कुटुंबे राजधानीत आली आणि काचीगुडा, सुलतान बाजार, इसामिया बाजार, शाहअली बंडा या भागांत रुजली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात त्या काळी वरचे शिक्षणही उर्दूतून मिळे. त्या पिढीतील मराठी माणूस देवघरात मराठी आणि संस्कृत, कचेरीत उर्दू, शेजाऱ्याशी तेलुगू आणि पुढे पुढे इंग्रजी अशा चार-पाच घरांत एकाच दिवशी वावरत असे. दखनीतला ‘नक्को’ आणि शब्दाला जोर देणारा ‘च’ मराठीने दिला, तर आपल्या मराठीत उर्दू शब्दांचा असा भरणा झाला की पुण्याच्या पाहुण्यांना ती ऐकून हसू येई. ते हसले तरी आपले काही बिघडत नव्हते. त्या सरमिसळीतच आपल्या वाडवडिलांच्या मेंदूची कणगी भरत होती, हे आज कळते.

आज चित्र बदलले आहे. नातवंडांना मराठी येत नाही म्हणून त्यांच्या मेंदूचे नुकसान होईल, असे आम्ही म्हणणार नाही. इंग्रजी, हिंदी आणि तेलुगू बोलणारे मूलही द्विभाषिकच आहे, आणि शास्त्राला मराठीचा विशेष कैवार नाही. नुकसान होते ते दुसऱ्याच माणसाचे. मुलगा-सून कोंडापूर किंवा मियापूरच्या उंच इमारतीत राहावयास गेली आणि आई-वडिलांना प्रेमाने बरोबर घेऊन गेली. काचीगुड्याला असताना ज्या आजोबांचे सकाळी दहाच्या आत दूधवाल्याशी तेलुगूत, न्हाव्याशी दखनीत आणि समोरच्या मित्राशी मराठीत बोलणे होऊन जाई, त्यांना आता बाराव्या मजल्यावर संध्याकाळपर्यंत एकाही भाषेत बोलावयास माणूस नसते. नातू शाळेतून येतो, तो इंग्रजीतून एक वाक्य टाकून आपल्या खोलीत जातो. तीन भाषांचा धनी असलेला माणूस घरबसल्या मुका होतो. त्याच्या कणगीत नवे धान्य पडणे बंद होते आणि जुने मात्र सरत राहते.

आणि हरवली ती केवळ जीभ नव्हे. जुन्या घरी ही सारी बोलणी पायांनी चालत जाऊन होत असत. जिना उतरणे, चौकापर्यंत जाणे, पिशवी उचलून परत येणे, ओट्यावरून उठणे आणि पुन्हा बसणे, हे सारे त्यात आले. भाषा आणि चालणे हे दोन्ही व्यायाम एकाच फेरीत उरकत होते, आणि फेरी बंद झाली तेव्हा दोन्ही एकदमच गेले.

स्नायूंची मेंदूला चिठ्ठी

स्नायू म्हणजे हाडे हलविणाऱ्या दोऱ्या, ही आपली जुनी कल्पना आता अपुरी ठरली आहे. कोपनहेगन येथील बेंटे क्लार्लुंड पेडरसन यांच्या संशोधनातून असे पुढे आले की, काम करणारा स्नायू रक्तात काही द्रव्ये सोडतो आणि ती शरीराच्या दूरच्या भागांपर्यंत निरोप पोहोचवितात. त्यांना ‘मायोकाइन’ असे नाव मिळाले. २०१२ साली अमेरिकेत ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने अशाच एका द्रव्याचा शोध जाहीर केला आणि ग्रीक पुराणातील आयरिस या देवदूतीवरून त्याचे नाव ‘आयरिसिन’ ठेवले. २०१९ साली ब्राझीलमधील शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून दाखविले की, अल्झायमरसारख्या विकारात हे द्रव्य वाढविल्यास उंदरांची स्मृती सुधारते. उंदराचे माणसाला लागू होतेच असे नाही. तरीही पाय चालू लागले की मेंदूला काहीतरी कळते, एवढे मानण्यास आता आधार आहे.

माणसांवरचे प्रयोगही थोडे सांगतो. अमेरिकेतील कर्क एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२० वृद्धांचे दोन गट केले. एक गट आठवड्यातून तीन दिवस भरभर चालला, दुसऱ्याने केवळ अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. वर्षानंतर पाहिले तेव्हा मेंदूतील स्मृतीचे केंद्र असलेला हिप्पोकॅम्पस हा भाग चालणाऱ्यांत सुमारे २ टक्के वाढला होता आणि दुसऱ्या गटात थोडा आक्रसला होता. हा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. सिडनी येथे स्मृती किंचित ढासळू लागलेल्या शंभर जणांवर झालेल्या प्रयोगात सहा महिने वजने उचलण्याचा व्यायाम करणाऱ्यांची बुद्धी सुधारली, आणि ज्यांचे बळ अधिक वाढले त्यांना लाभही अधिक झाला.

‘आता या वयात काय होणार?’ असे म्हणणाऱ्यांसाठी बोस्टनचा एक जुना प्रयोग सांगण्याजोगा आहे. मारिया फियातारोन यांनी शुश्रूषागृहात राहणाऱ्या, नव्वदीच्या घरातील दहा दुर्बल वृद्धांना आठ आठवडे मांडीच्या स्नायूंचा वजनाचा व्यायाम दिला. १९९० साली त्यांनी जाहीर केले की, त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी, म्हणजे मूळच्या पावणेतीनपट वाढले. स्नायूला वय विचारण्याची सवय नाही. त्याला काम मिळते की नाही एवढेच तो पाहतो.

मेंदूचे मात्र तसे नाही, आणि येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. इंग्लंडमध्ये आधीच स्मृतिभ्रंश जडलेल्या ४९४ जणांवर झालेल्या प्रयोगात एका गटाला चार महिने कसून व्यायाम देण्यात आला. त्यांच्या शरीराची ताकद सुधारली, पण बुद्धीची घसरण थांबली नाही, असे २०१८ साली जाहीर झाले. कणगी भरायची ती दुष्काळापूर्वी. साठीनंतर आरंभ करणे व्यर्थ नाही, पण रोग दारात येईपर्यंत थांबणे व्यर्थ आहे.

फिनलंडमध्ये मीया किविपेल्टो यांनी ६० ते ७७ वर्षांच्या १,२६० जणांना घेऊन केलेला प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकच उपाय न धरता योग्य आहार, चालणे व स्नायूंचा व्यायाम, बुद्धीचा व्यायाम आणि रक्तदाब-मधुमेहाची देखरेख हे चारही एकत्र चालविले होते. दोन वर्षांनंतर या मंडळींची बुद्धी केवळ सल्ला मिळालेल्या गटापेक्षा सरस ठरली. एकाच औषधाच्या गोळीची वाट पाहणाऱ्या आपल्या काळाला ही गोष्ट फारशी आकर्षक वाटणार नाही. पण घरातल्या घरात करता येण्याजोगी आहे ती हीच.

घरात काय करता येईल

प्रथम परीक्षा. आशियातील तज्ज्ञांच्या एका गटाने २०१९ साली स्नायुक्षय ओळखण्याच्या काही सोप्या खुणा सांगितल्या. छातीवर हातांची घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठावे व बसावे. त्यास १२ सेकंद किंवा अधिक लागले तर पायांचे बळ उणे आहे असे समजावे. पोटरीचा सर्वांत जाड घेर पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर तीही सूचनाच. ही परीक्षा घेताना शेजारी कोणी उभे असावे आणि खुर्ची भिंतीला टेकलेली असावी.

मग उपाय. ज्या खुर्चीवर परीक्षा घेतली तिच्यावरच उठ-बस करणे हा मांड्यांचा उत्तम व्यायाम आहे. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ज्या सूर्यनमस्कारांचा घरोघर प्रसार केला, ते पूर्वी घालणाऱ्यांनी झेपतील तेवढे पुन्हा घालावेत. ज्यांना वाकवत नाही त्यांनी जिन्याचा कठडा धरून टाचा उचलाव्यात. रोज अर्धा तास चालावे, आणि ते गप्पा मारता येतील पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. हृदयविकार, तोल जाणे किंवा गुडघ्याचे जुने दुखणे असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. व्यायाम करावयाचा तर स्नायूला खाद्यही हवे. तारनाक्याच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने रोज पुरतात, आणि त्यासाठी डब्यातील महाग भुकट्यांची गरज नाही. डाळी, उसळी, दूध-दही आणि चालत असल्यास अंडी-मासे ठीक आहेत. वृद्धांच्या पानात मात्र पुष्कळदा नुसता दहीभात उरतो, तिकडे लक्ष असावे.

तिसरी गोष्ट कानांची. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची १४ टाळण्याजोगी कारणे सांगितली. ती सर्व दूर करता आली तर जगातील सुमारे ४५ टक्के रुग्णांचा आजार टाळता किंवा लांबविता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. त्यांत व्यायामाचा अभाव, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि धूम्रपान यांच्याबरोबर बहिरेपणा आणि एकटेपणा हेही आहेत. ज्याला ऐकू येत नाही तो हळूहळू बोलणे सोडतो, आणि बोलणे सोडले की माणसे दुरावतात. चष्मा लावण्यात आपल्याला कमीपणा वाटत नाही. श्रवणयंत्र लावण्यात का वाटावा?

आणि विसरण्याचे प्रमाण खरोखरच वाढले असेल तर ‘वयामुळे होते’ म्हणून गप्प बसू नये. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार आणि मनाची खिन्नता यांमुळेही स्मृती मंदावते, आणि त्यांवर उपाय आहेत. डॉक्टरकडे जाण्यात कुळाला बट्टा लागत नाही.

शेवटी भाषेविषयी. वृद्धांना शब्दकोडी आणून देण्यापेक्षा एक जिवंत माणूस बोलावयास द्यावा. नातवाने आजीशी रोज पंधरा मिनिटे मराठीतून बोलावे, तोडकेमोडके का होईना. आजीने त्याला एक म्हण सांगावी, त्याने तिला मोबाईलमधली एक युक्ती शिकवावी. भाजी आणावयास आजोबांनाच पाठवावे. भाव चार रुपये जास्त पडला तरी चालेल, कारण घासाघीस तेलुगूत होणार आहे आणि परत येताना पिशवी त्यांच्याच हातात असणार आहे. महिन्यातून एकदा त्यांना इसामिया बाजारातील मराठी ग्रंथसंग्रहालयात न्यावे, दारात सोडून निघून यावे आणि दोन तासांनी आणावयास जावे. तेथे पुस्तक बदलले जाईल, जुना स्नेही भेटेल, निजामाच्या काळापासून आजच्या राजकारणापर्यंत वाद होईल.

यातील कशालाही फारसा पैसा लागत नाही. लागतो तो आपला वेळ, आणि वडील माणूस सावकाश करीत असताना त्यांच्या हातातले काम काढून न घेण्याचा धीर. दळणाचा डबा थोडा सांडेल, पोळी किंचित वाकडी होईल, बँकेतून परतायला तास जास्त लागेल. तेवढे सांडू द्यावे, तेवढा उशीर होऊ द्यावा, असे आमच्या वाचकांना सांगणे आहे.